मामा सोंग करत नाहीत, ताई

परभणी जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय. नाव गाव देऊ नका म्हणल्यात म्हणून देत नाही. पत्र मोठं आहे, मुद्द्याचं तेवढं इथं देते.

"आमच्या सासऱ्यांना, मामांना, पार्किन्सन आहे. वय 68, आजाराला चार वर्षं झाली. घरात मी, आमचे हे, आत्याबाई (सासूबाई) अन दोन लेकरं, मोठी आठवीत, धाकटा पाच वर्षांचा. सकाळी मामांना काहीच जमत नाही. उठवून बसवावं लागतं, शर्टाची बटणं मी लावते, चहा पण मीच पाजते. अन तेच मामा अकरा साडेअकराला उठून मारुतीच्या पारापर्यंत चालत जातेत. एकादशीला भजनात दोन दोन तास टाळ वाजवतेत. आत्याबाई म्हणतेत सोंग करायलेत, सुनेकडून सेवा करून घ्यायची सवय लागलीय, हात तर कुठं थरथरतोय त्यांचा. मला पण तसंच वाटायलं होतं. परवा दारात पाव्हणे उभे अन मामा उंबऱ्यात येऊन थांबले, पुढं पाऊलच टाकेनात. मी हाताला धरून ओढलं तर पडता पडता वाचले. अन माझ्या तोंडून निघून गेलं, पारावर जाताना बरं जमतंय, मला छळायलाच करता का हे. मामा काही बोलले नाहीत, चेहरा जसाच्या तसा, फक्त डोळ्यातून पाणी आलं. तेव्हापासून मला झोप नाही. धाकटा त्यांच्याजवळ जात नाही, म्हणतो आबा सारखे रागावलेले असतेत. गोळ्या मी देते, सकाळी नाश्ता झाला की अन रात्री जेवण झालं की. दुपारची बऱ्याचदा राहून जाते कारण मी रानात असते. गावातला एकजण मुळासकट बरं करतो म्हणून पावडर देतोय. घेऊ का? अन मी एवढी वाईट आहे का?"

ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. नाही, तुम्ही वाईट नाहीत. चार वर्षं रोज सकाळी एका माणसाला उठवून बसवायचं, चहा पाजायचा, मग रानात जायचं, परत येऊन स्वयंपाक, अन घरातलंच एक माणूस म्हणतंय की हे सगळं सोंग आहे, अशात कुणाच्याही तोंडून निघेल. माझ्या तोंडून निघालंय. आईला पार्किन्सन होता, शेवटची नऊ वर्षं ती माझ्याकडं होती, अन तिसऱ्या चौथ्या वर्षी मी तिला अगदी हेच बोलले होते, "आई तू मुद्दाम करायलीस का?" शब्द पण जवळपास तेच. म्हणून तुमचं पत्र वाचताना मी मधीच उठून गेले होते.

पण मामा सोंग करत नाहीत. हे मी तुमचं मन ठेवायला म्हणत नाही, तुमच्याच पत्रात त्याचा पुरावा आहे, तुम्हाला दिसला नाही एवढंच. तुम्ही लिहिलंय गोळी रात्री जेवण झालं की, म्हणजे साडेआठ धरू. सकाळची नाश्ता झाला की, म्हणजे साडेनऊ दहा. मधे झाले तेरा तास! ही जी पार्किन्सनची मुख्य गोळी असतीय, लेव्होडोपा अन कार्बिडोपा (सिनडोपा म्हणून जास्त करून मिळते, तुमच्या चिठ्ठीवर तेच किंवा तसंच काही असेल, बघा), ती अंगात लई वेळ टिकत नाही. रक्तातलं तिचं प्रमाण साधारण दीड तासात अर्धं होतं. म्हणजे सकाळी सहाला तुम्ही ज्या मामांना उठवता त्यांच्या अंगात औषध जवळपास काहीच नसतं. अन अकरा साडेअकराला पारावर जातेत ते मामा गोळी घेऊन तास दीड तास झालेले मामा असतेत. माणूस तोच, इच्छा तीच, फक्त एकाच्या मेंदूपर्यंत औषध पोहोचलंय अन दुसऱ्याच्या नाही.

आपल्याकडं लाईटचं कसं असतं बघा, शेतातल्या मोटरला आठ तास लाईट. मोटर चांगली, पाईप चांगला, विहिरीला पाणी आहे, पण लाईट नसली तर ठिपूस पण येत नाही. आता ज्याच्याकडं मोठा हौद आहे त्याला लाईट गेलेली कळत पण नाही, साठ्यातलं पाणी चालतंय. मेंदूत डोपामाईन नावाचं रसायन तयार करणाऱ्या पेशी असतेत, पार्किन्सनमधे त्या हळूहळू मरतेत, अन आजार बाहेर दिसायला लागतो तोवर त्यातल्या निम्म्याच्या आसपास किंवा जास्तच गेलेल्या असतेत. पहिली काही वर्षं उरलेल्या पेशी गोळीतून आलेला माल साठवून ठेवतेत, म्हणून तेव्हा गोळी दोन तास मागं पुढं झाली तरी फरक कळत नाही. वर्षं जातील तसा हौद लहान होत जातो. मग गोळी आली की माणूस मोकळा, गोळी उतरली की माणूस अडकला. डॉक्टर लोक याला ऑन अन ऑफ म्हणतेत. तुमच्या घरी चार वर्षं झालीत, म्हणजे हे सुरू व्हायची वेळच आहे. लाईट गेल्यावर मोटर सोंग करायली असं कुणी म्हणत नाही ना.

अन टाळाचं. टाळ जमतो अन बटण जमत नाही, हे बघून सगळ्यात जास्त संशय येतो लोकांना, मला पण आला असता. पण चालणं, बटण लावणं, घास उचलणं ही कामं आपलं डोकं आतल्या आत आपोआप चालवतं, आपल्याला विचार करावा लागत नाही, अन पार्किन्सनमधे नेमकं हे आपोआपचं खातंच बिघडतं. बाहेरून ठेका मिळाला की मेंदू दुसऱ्या वाटेनं काम करून घेतो. मृदंगावर थाप पडली की हात उचलतो. चाळीस वर्षं भजन केलेल्या माणसाचा तर उचलणारच. अजून एक डोक्यात आलं, एकादशीला उपास असणार, सकाळचं वरण उसळ नाही, पोट हलकं, अन हलक्या पोटी ही गोळी जास्त चांगली लागू पडते. त्या दिवशी मामा जास्त मोकळे असतेत का हे वहीत लिहून बघा.

हो, वही. तुम्हाला एकच काम सांगायचं असतं तर मी हेच सांगितलं असतं. पोरगी आठवीत आहे ना, तिच्याकडं द्या, ती चांगलं करेल. आठ दिवस फक्त लिहायचं: गोळी किती वाजता, जेवण किती वाजता अन काय जेवले, कधी हात मोकळा झाला, कधी अडकले, कधी अंग वेडंवाकडं हलायला लागलं (असं हललं तर ती थरथर नसते, कधी कधी गोळी जास्त झाल्याची खूण असते, म्हणून वेगळं लिहायचं), रात्री झोपेत ओरडले का, लाथा मारल्या का. सोबत मोबाईलवर दोन व्हिडिओ, एक सकाळी सहाचा, एक साडेअकराचा. कारण डॉक्टरसमोर मामा जातील तेव्हा ते दहा मिनिटं मामा एकदम बरे दिसतील, गाडीत बसायच्या आधी तुम्ही गोळी दिलेली असणार. डॉक्टरला सकाळचे मामा कधी दिसतच नाहीत. आईच्या बाबतीत माझी दोन वर्षं यातच गेली, दर वेळी "छान आहेत की" ऐकून परत यायचं.

ती वही घेऊन न्यूरोच्या डॉक्टरला दाखवा, नांदेड, लातूर, संभाजीनगरला मिळतेत. खर्चाचं जमत नसेल तर संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात मेडिसिनच्या ओपीडीपासून सुरुवात करा, पण वही अन व्हिडिओ सोबत पाहिजेतच. विचारायचं काय ते पण लिहून न्या: पहाटेची गोळी सुरू करता येईल का, दिवसाचे डोस जवळ जवळ करता येतील का, रात्रीसाठी हळूहळू सुटणारी गोळी चालेल का. डोस तुम्ही स्वतःच्या मनानं वाढवू नका, कमी पण करू नका. अन बंद तर अजिबात नाही, उपास असो, लग्न असो, गावाला जायचं असो. ही गोळी एकदम बंद केली तर अंग लाकडासारखं होऊन ताप चढतो अन जीवावर बेतू शकतं.

तोपर्यंत आहे त्याच डोसमधे तुमच्या हातात दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे वेळ. चिठ्ठीवर डॉक्टरांनी तीन वेळा लिहिलंय अन दुपारची राहून जाते म्हणता, तर ती राहायला नको. मोबाईलला अलार्म लावा, साधा फोन असला तरी लागतो. दुपारची गोळी अन पाण्याचा तांब्या मामांच्या उशाला ठेवून रानात जा, अन आत्याबाईंना सांगा घड्याळात एवढे वाजले की घ्या म्हणून द्यायची. दुसरी गोष्ट जेवणाची. ही गोळी अन वरण, दूध, दही, अंडी, मटण, उसळ यातलं प्रोटीन हे दोघं आतड्यातून रक्तात जायला एकाच दारातून जातेत, सोबत आले की धक्काबुक्की होते अन गोळी मागं राहते. म्हणून साधारण जेवणाच्या अर्धा तास आधी किंवा जेवून तासाभरानं, साध्या पाण्यासोबत. तुम्ही रोज नेमकं जेवण झालं की देत होतात, म्हणजे सगळ्यात अवघड वेळी. तुम्हाला कुणी सांगितलंच नाही त्याला तुम्ही काय करणार. रिकाम्या पोटी मळमळलं तर अर्धं केळं किंवा मूठभर मुरमुरे चालतेत, दूध नको. रक्त वाढायची लोहाची गोळी चालू असेल तर ती पण या गोळीसोबत नको, दोन तासाचं अंतर ठेवायचं. अन याचा अर्थ डाळ बंद करायची असा नाही हं, वजन उतरतं मग. डाळ, दही रात्रीच्या जेवणात जास्त घाला, दिवसा कमी. एवढं केलं तरी काही घरात आठ पंधरा दिवसात फरक दिसतो.

थरथरीचं आत्याबाईंना समजावून सांगायला लागेल. आपल्याकडं जुना शब्द कंपवात, त्यामुळं लोकांना वाटतं हात हलला तरच आजार खरा. जेम्स पार्किन्सन नावाच्या लंडनच्या डॉक्टरनं 1817 ला याच्यावर पहिल्यांदा नीट लिहिलं, सहा माणसं बघून, त्यातली काही तर नुसती रस्त्यात चालताना बघितलेली, अन त्यानं पण नाव थरथरीवरूनच दिलं होतं. पण बऱ्याच पेशंटला थरथर नसतेच किंवा लई कमी असते. खरा आजार म्हणजे मंदपणा अन ताठरपणा. अक्षर बारीक होत जाणं, एक हात चालताना न हलणं, वास न येणं, वर्षानुवर्षं पोट साफ न होणं, हे सगळं त्यातलंच. वास अन बद्धकोष्ठाचं तर आजार कळायच्या कितीतरी वर्षं आधी सुरू झालेलं असतं. आत्याबाईंना विचारा, बघा त्या काय सांगतेत ते.

आता चेहरा. मामा त्या दिवशी रडले अन चेहरा हलला नाही, ते वाचून मला कसं झालं हे लिहिता येत नाही. तोंडाचे स्नायू पण बाकी अंगासारखेच ताठ होतेत, पापण्या कमी लवतेत, म्हणून माणूस सारखा रागावलेला किंवा कशाचंच काही नसलेला दिसतो. आतलं सगळं जसंच्या तसं असतं. त्यांना हसू येतं, ते बाहेर पोचत नाही. धाकट्याला सांगा की आबांचं तोंड आजारी आहे, आबा रागावलेले नाहीत. लहान लेकरांना हे मोठ्यांपेक्षा लवकर कळतं. आवाजाचं पण तसंच, मामा हळू बोलत असतील, पुटपुटल्यासारखं, पण त्यांना स्वतःला वाटतं की मी चांगलं मोठ्यानं बोलायलोय. म्हणून "काय म्हणता? मोठ्यानं बोला" असं सारखं खेकसू नका, एकदाच सांगा "मामा, पारावर हाक मारल्यासारखं बोला." अन रोज संध्याकाळी हरिपाठ मोठ्यानं, एकदम खणखणीत, धाकट्याला शेजारी बसवून. आवाजाचा व्यायाम शिकवणारे स्पीच थेरपिस्ट पण हेच करून घेतेत, मोठ्यानं अन श्वास भरून. फरक एवढाच की इथं पाठ आधीच तोंडपाठ आहे.

उंबऱ्याचं मात्र नीट वाचा, कारण यात हाड मोडतं. दार, उंबरा, अरुंद बोळ, वळायची जागा, अशा ठिकाणी पार्किन्सनच्या माणसाचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतेत. पाव्हणे बघत असले, मागून कुणी घाई केली की अजून चिकटतेत. अशा वेळी ओढायचं नाही, कधीच नाही. ओढलं की वरचं अंग पुढं जातं अन पाय तिथंच राहतेत, तुमच्या घरी तेच झालं. मागून ढकलायचं पण नाही. शेजारी उभं राहायचं, "थांबा मामा, घाई नाही" म्हणायचं, त्यांनी श्वास घ्यायचा, वजन एका पायावरून दुसऱ्यावर दोनदा हलवायचं, अन मग ठेका. तुमच्याकडं तर वारीची पावली आहे! ज्ञानबा तुकाराम, ज्ञानबा तुकाराम, म्हणत डावा उजवा. टाळकऱ्याच्या पायाला यापेक्षा चांगला ठेका कुठला असणार. दाराच्या अलीकडं फरशीवर पावलाच्या अंतरानं पांढऱ्या पेंटच्या चार पट्ट्या मारून टाका, पट्टी ओलांडायची म्हणलं की पाऊल उचलतं, नुसतं चाल म्हणलं की उचलत नाही. पट्टी नसली तर तुमचा पाय त्यांच्या पायासमोर आडवा ठेवून "हा ओलांडा" म्हणायचं, पण तेव्हा त्यांना नीट धरून. वळताना जागेवर गर्रकन नाही, बैल वळवतो तसं मोठा फेर घेऊन. चालताना बोलायला लावू नका, हातात तांब्या देऊ नका, एका वेळी एकच काम.

घरातल्या वाकळा, पायपुसणी, सैल चपला हे सगळं वाटेतून काढा, मागून पट्टा असलेली सँडल घ्या. रात्री संडास अंगणात लांब असेल तर बाजेजवळ भांडं ठेवा अन एक बल्ब चालू राहू द्या. प्लास्टिकची कमोडची खुर्ची मेडिकलवाले मागवून देतेत, उकिडवं बसून उठणं त्यांना आता जड जात असणार अन लाजेनं ते सांगणार नाहीत. उठताना आधी बाजेच्या कडेला दोन मिनिटं बसायचं, कारण या आजारात अन या गोळ्यांनी उभं राहिलं की बीपी एकदम खाली येतं, डोळ्यापुढं अंधारी येऊन माणूस पडतो. आपल्याकडच्या एप्रिल मे मधे तर जास्तच, तेव्हा पाणी मोजून पाजा. पाण्यानं पोट पण साफ राहतं, अन पोट तुंबलं की गोळी पण नीट लागू पडत नाही.

जेवताना ताठ बसवून, भाकरी वरणात किंवा आमटीत चांगली कुस्करून, घास लहान, एक घास पूर्ण गेला की दुसरा. पाणी पिताना ठसका लागत असेल, जेवल्यावर आवाज घोगरा ओला येत असेल तर डॉक्टरला सांगायचंच, अन्न श्वासनळीत गेलं की न्यूमोनिया होतो अन या आजारात माणूस खरं तर त्यानंच जातो बऱ्याचदा.

चहा तुम्ही पाजता म्हणालात. सकाळी सहाला पाजा, तेव्हा लाईट गेलेली आहे. पण साडेअकराला कप त्यांच्या हातात द्या, अर्धाच भरून, सांडला तर सांडला. बटणं पण दुपारी त्यांनाच लावू द्या, दहा मिनिटं लागतील. तुम्हाला बघवणार नाही, हात पुढं जाईल, तेव्हा उठून दुसऱ्या खोलीत जायचं. आईच्या वेळी मी सगळं पटापट करून टाकायचे, मला वाटायचं सेवा चाललीय, अन तिच्या हातातून एक एक काम कायमचं गेलं. यावर मी किती जणींना लिहिलंय, तरी दर वेळी स्वतःचाच राग येतो. ज्या हाताला काम राहतं तो हात जास्त दिवस टिकतो. रोज पारापर्यंत चालणं तर औषधाइतकं महत्त्वाचं आहे, ते सोंग समजून बंद करायला लावू नका कुणी.

पावडर घेऊ नका. त्यात बहुतेक खाजकुयलीचं बी असतं, कवचबीज म्हणतेत ते. ते खोटं औषध आहे असं मी म्हणत नाही, उलट त्यात लेव्होडोपाच असतो, गोळीत असतो तोच, म्हणून तर भीती. पुडीत किती आहे कुणाला माहीत नाही, वरून गोळी पण चालू, मग भास होतेत, बीपी पडतं, अंग वेडंवाकडं हलतं. घ्यायचंच असेल तर पुडी डॉक्टरला दाखवून. अन मुळासकट बरं करणारं औषध आज जगात कुठंच नाही, ॲलोपॅथीत पण नाही, आयुर्वेदात पण नाही. ज्यानं तसं सांगितलं त्याला घरात घेऊ नका.

एक गोष्ट मी अनुभवानं सांगते, ही लिहून भिंतीला चिकटवा. आईला एकदा तापात ॲडमिट केलं होतं. तिथं गोळ्या द्यायच्या वेळा त्यांच्या राऊंडप्रमाणं, मी सांगत होते सहाला द्यायची असते, सिस्टर म्हणायची नऊला राऊंड आहे. दुसऱ्या दिवशी उलटी झाली म्हणून इंजेक्शन दिलं अन संध्याकाळपर्यंत आई लाकूड. मान वळेना, थुंकी गिळेना. नंतर एका शहाण्या डॉक्टरनं चिठ्ठी बघून सांगितलं, उलटीची काही औषधं डोपामाईनच अडवतेत. मेटोक्लोप्रामाईड, प्रोक्लोरपेराझिन ही उलटीची, हॅलोपेरिडॉल हे भास किंवा चिडचिडीसाठी देतेत ते, अन चक्करसाठी सर्रास देतेत त्या सिनारिझिन, फ्लुनारिझिन, या पार्किन्सनच्या माणसाला त्रास वाढवतेत. उलटीला साधारण डोम्पेरिडोन देतेत. मामांच्या खिशात एक कागद ठेवा: पार्किन्सन आहे, गोळ्या अमुक अमुक वेळेला, ही पाच औषधं देऊ नयेत. दात काढायला गेलात तरी तो कागद आधी दाखवायचा.

मामा गप्प बसतेत, रडतेत, कशात मन नाही, असं वहीत दिसलं तर ते पण डॉक्टरला सांगा. डिप्रेशन हा या आजाराचाच भाग आहे, त्याला औषध आहे. कोपऱ्यात लेकरं दिसतेत, भिंतीवर किडे दिसतेत असं म्हणले तर वाद घालू नका, घाबरू पण नका, डॉक्टरला सांगा, बऱ्याचदा गोळ्या बदलून कमी होतं. प्रॅमिपेक्झोल किंवा रोपिनिरोल नावाची गोळी असेल तर एखाद्याला जुगाराची, खरेदीची किंवा तसली नको ती ओढ लागते, अन घरचे लोक म्हणतेत म्हातारपणी काय हे, तर ते पण औषधाचंच असतं.

सरकारी बाजू थोडक्यात. 2016 च्या दिव्यांग कायद्यात 21 प्रकारात पार्किन्सन आहे. जिल्हा रुग्णालयातून प्रमाणपत्र अन यूडीआयडी कार्ड (दिव्यांगाचं ओळखपत्र) काढून ठेवा, 40 टक्के किंवा वर आलं तर सवलती लागू होतेत. एसटीला मामांना 65 च्या वरचे म्हणून अर्धं तिकीट, तुम्हाला महिला म्हणून अर्धं, म्हणजे नांदेडला जाणं येणं एका माणसाच्या तिकिटात होईल. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, पेशंट अन घरचे मिळून चालवतेत, मराठीतूनच सगळं, मोबाईलवर त्यांचं ऐकता वाचता येतं. आत्याबाईंना ते ऐकवा, सुनेनं सांगितलेलं पटत नाही पण दुसऱ्या कुठल्या आजीनं "आमच्या ह्यांचं पण असंच आहे" म्हणलं की पटतं.

आत्याबाईंवर चिडू नका. पन्नास वर्षं संसार केलेला माणूस डोळ्यापुढं आकसत चाललाय. सोंग म्हणलं तर तो उद्या बरा होऊ शकतो, आजार म्हणलं तर नाही. मला वाटतं त्या म्हणूनच सोंग म्हणतेत. डॉक्टरकडं जाताना त्यांना सोबत न्या, आत बसू द्या.

अन तुमच्या ह्यांचं पत्रात काहीच नाही. वडिलांची आंघोळ लेकानं घालायची, ताई. मामांना पण सुनेकडून घालून घ्यायला लाज वाटत असणार. आंघोळ अन रात्रीचं उठणं त्यांच्याकडं, हे त्यांना सरळ सांगा, हे पान वाचायला द्या. अन आठवड्यातून एक दुपार तुमची, माहेरी जा, मैत्रिणीकडं जा, नुसतं झोपा, पण त्या दुपारी मामा तुमच्याकडं नाहीत. पाठ दुखते का, तुमची शुगर बीपी कधी तपासली, यातलं काहीच लिहिलं नाही तुम्ही, तेव्हा ते पण बघा.

आता परवाचं. मामांना बोललात ते मनात ठेवून झोप घालवू नका, जाऊन सांगा. पण सकाळी नाही, साडेअकराला, गोळी लागू पडलेली असते तेव्हा, पारावर निघायच्या आधी. समोर नाही, शेजारी बसा. "मामा, मला माहीत नव्हतं हो, आजारामुळं होतंय ते. मी चुकून बोलले." एवढंच पुरे, लांबवू नका. मग गप्प राहा. त्यांचा चेहरा काही सांगणार नाही अन आवाज यायला वेळ लागेल, अर्धा मिनिट, कधी एक मिनिट, तुम्हाला वाटेल ऐकलंच नाही. उठू नका. ते काहीतरी म्हणतील.